तिसऱ्या कडव्याचा डावा आवाज

वायली कोहिमाला निघाली नसती तर ते यंत्र माझ्या घरात आलंच नसतं.

वायली म्हणजे माझी धाकटी बहीण, वायोलेट पाटोळे. नगरला एका मिशनच्या शाळेत संगीत शिकवते. पन्नाशीला टेकली, लग्न केलं नाही, आणि गळा असा की रविवारी चर्चच्या भक्तीला मागच्या बाकावर डुलक्या काढणारेसुद्धा मान वर करतात. तर या बाईने मला न विचारता कोहिमाच्या एका शाळेत दोन वर्षांची नोकरी धरली. तिथे म्हणे अख्खी गावं चार-चार सुरांत गातात. "ताई, तिथे कुणाला आल्टो म्हणजे खालची ओळ, हे शिकवत बसावं लागणार नाही," असं वर म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून हिच्या वरच्या ओळीखाली खालची ओळ कोण गातंय? मी. चर्चमध्ये, लग्नांत, मयतीला, नाताळच्या फेऱ्यांमध्ये, सगळीकडे मी. बाकीच्यांच्या गाण्याला एक ओळ पुरते. आमच्या ख्रिस्ती घरात जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा दोन सुरांत व्हायची, आणि दुसरा सूर नसला की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

"जा बाई," म्हटलं, "कोण अडवतंय? पण जायच्या आधी बाबांचं गीत मला नीट रेकॉर्ड करून दे."

बाबा म्हणजे भास्करराव पाटोळे, चर्चच्या मंडळीचे गायनमास्तर. त्यांनी स्वतः लिहून चाल लावलेलं नाताळचं एक गीत आहे, चार कडव्यांचं. नाताळची भक्ती आटोपून घरी आलं की केकला हात लावायच्या आधी आम्ही दोघी ते दोन माइकवर गायचो आणि बाबा रेकॉर्ड करायचे. बाबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. दोघींनाही दोन्ही ओळी पाठ, आणि आजवर एक नाताळ चुकला नाही. कॅसेटपासून सुरू झालेली ती सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत.

माझं कामच ते. मी मार्था भिंगारदिवे, घरी बसून गाणी मिक्स करते. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. माझे यजमान सायलस त्या खोलीला बाळंतिणीची खोली म्हणतात. म्हणू देत. त्या खोलीने आमची गाडी घेतली आहे.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाण्याला दोन बाजू असतात, डावा कान आणि उजवा कान. मिक्स करताना प्रत्येक आवाज कुठे बसवायचा ते मी ठरवते. मुख्य आवाज मधोमध, साथीचे आवाज बाजूंना. पण साथ भरीव करायची तर तीच ओळ गायिकेकडून दोनदा गाऊन घ्यावी लागते, एक टेक डावीकडे आणि एक उजवीकडे. नवशिकी पोरं काय करतात, एकच टेक घेतात आणि त्याची नक्कल करून दोन्हीकडे लावतात. मग त्यांना वाटतं, झालं. होत नाही काही. दोन्ही कानांत अगदी तोच आवाज आला की मेंदू त्याला एकच समजतो आणि मधोमध आणून बसवतो. आवाज रुंद होतो तो फरकामुळे. एका टेकमध्ये शब्द केसभर आधी सुटतो, दुसऱ्यात श्वास जरा लांबतो. माणूस एकच ओळ दोनदा सारखी गाऊ शकत नाही, आणि गाण्यातली सगळी ऊब त्या न जमण्यात असते.

गेल्या नाताळचा टेक माझ्याकडे होता, पण दुसऱ्या टेकला वायलीकडे वेळ नव्हता. तिची बांधाबांध, शाळेचे निरोप, पाळकांच्या घरी जेवण. आज येते, उद्या येते, करत टोलवत राहिली. शेवटी वैतागून मी जोडगळा मागवला.

जोडगळा म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. संगणकाला जोडायची, एका माणसाचे जुने टेक तिला ऐकवायचे, आणि ती त्या माणसाचा पुढचा टेक करून देते. नक्कल नव्हे, पुढचा टेक. फरक मोठा आहे. आपण गातो तेव्हा जीभ, ओठ, घसा, छाती असे कितीतरी स्नायू एकदम राबतात, आणि मेंदू त्यांना क्षणाक्षणाला सावरत असतो. ते सावरणं प्रत्येकाचं वेगळं. कुणी सुराच्या खालून येऊन वर लागतं, कुणी 'र' म्हणताना अडखळतं. डबी आवाज शिकत नाही, ते सावरणं शिकते. म्हणून तिने केलेला टेक त्या माणसाने खरंच पुन्हा गायल्यासारखा वाटतो.

जुने टेक जितके जास्त तितकं चांगलं, असं माहितीपत्रकात होतं. माझ्याकडे तर इतक्या वर्षांचे नाताळ. पण त्यात पेटीचा आवाज मिसळलेला. म्हणून मी प्रत्येक नाताळचं फक्त तिसरं कडवं घेतलं. तिसऱ्याला पेटी थांबवायची आणि नुसत्या गळ्यांनी गायचं, ही बाबांची रीत. कडव्याआधीची खुडबुड, खाकरणं, सगळं कापून टाकलं. बाबांचा आणखी एक नियम होता, वरची ओळ नेहमी डाव्या माइकवर, खालची उजव्या. त्यामुळे नावं घालायला सोपं गेलं. डावा आवाज वायोलेट, उजवा मार्था. जेवणं आटोपून सायलस आडवे व्हायच्या आत माझं काम झालंसुद्धा.

डावा आवाज लावला. गेल्या नाताळचा टेक एका कानात, डबीचा दुसऱ्या कानात.

काय सांगू! दोन वायल्या माझ्या दोन्ही अंगांना उभ्या राहून गात होत्या. मी सायलसना हाक मारली. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चला, आता खरी गेली तरी चालेल."

"शुभ बोला जरा," मी म्हटलं.

ते जाऊन झोपले. गल्लीत सामसूम होती. डबीवर एकच खुंटी आहे, तिच्यावर 'अंतर' असं लिहिलंय. दोन टेकमध्ये फरक किती हवा ते तिने ठरवायचं. मी ती थोडीशीच फिरवली होती. आवाज आणखी रुंद होतोय का बघावं म्हणून पाव फिरवली.

आवाज जरा जाड झाला. थकल्यासारखा. पण छान होता, वयाचा वाटत होता.

अर्ध्यावर नेली. बाबांच्या तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ आहे, 'लहान लेकरू, लहान दिवा'. त्यातला 'ल' येईना. जीभ वर टेकायला जायची आणि टेकायच्या आतच खाली पडायची. 'हान एकरू' असं काहीसं ऐकू येत होतं, सूर मात्र बरोबर. दारू प्यायलेलं माणूस मन लावून गातंय असं.

मला वाटलं, डबी बिघडली. खुंटी पूर्ण फिरवली.

शब्द नव्हतेच. सूरही नव्हता. घशातून एक ओलसर आवाज येत होता आणि थांबत होता. पण श्वास बरोबर तालात घेतला जात होता. प्रत्येक ओळीच्या आधी, जिथे वायली श्वास घेते तिथेच. कुणीतरी ओळ म्हणायला तयार होत होतं आणि ओळ येत नव्हती. चारही ओळींना तसंच.

मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. मग डोकं ठिकाणावर आलं तसं वाटलं, यंत्रच तसं असेल, सगळ्यांचंच असं करत असेल. म्हणून उजवा आवाज लावला, माझा. खुंटी पाव, अर्धी, पूर्ण. आवाज म्हातारा होत गेला, वरचे सूर जरा खरखरले, पण 'लहान लेकरू' शेवटपर्यंत लख्ख. एक अक्षर सुटलं नाही.

आणि मला बरं वाटलं. हो, वाटलं. बहिणीचा गळा मरताना ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी स्वतःचा ठणठणीत आवाज ऐकून सुटकेचा श्वास सोडला. लगेच स्वतःची शिसारी आली, पण आधी बरं वाटलं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी डबीच्या कंपनीत फोन लावला. नीरजा देवस्थळी म्हणून एक मुलगी बोलली, ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांच्यापैकीच. मी झालं ते सांगितलं.

"काकू, तुम्ही किती वर्षांची रेकॉर्डिंग दिलीत?"

"पोरवयापासूनची. कॅसेट होत्या तेव्हापासूनची."

"अरे देवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे मी सांगितलं असं कुणाला सांगू नका."

तिने सांगितलं ते असं. डबीला फरक शिकवायला त्यांनी हजारो गायकांचे टेक जोड्या करून दिले होते. थोड्या फरकाच्या जोड्या म्हणजे एकाच दिवशी गायलेले दोन टेक. जास्त फरकाच्या जोड्या कुठून आणणार? म्हणून त्यांनी त्याच गायकांनी काही वर्षांनी गायलेले टेक घेतले. डबीने त्यातून स्वतःच अर्थ काढला. तिच्या लेखी फरक म्हणजे काळ. थोडं अंतर म्हणजे उद्या, जास्त अंतर म्हणजे पुढली काही वर्षं. लोक दोन-चार टेक देतात, त्यांच्याबाबतीत तिला काही कळत नाही, आवाज नुसता जाड होतो. पण कुणी आयुष्यभराचे टेक दिले तर तिला दिशा सापडते. कुठला स्नायू कधीपासून ढिला पडतोय, कानाला कळायच्या कितीतरी आधी तिला दिसतं. मग ती तीच रेघ पुढे ओढते.

"म्हणजे खरं आहे?"

"काकू, ते डॉक्टर नाही. चुकू शकतं."

"आजवर चुकलंय का?"

"आमच्या चाचणीत दोन गायकांचं असं आलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "एकाचं बरोबर निघालं. दुसऱ्याचं अजून कळायचंय. कंपनी म्हणते, त्या बाजूला बघायचंच नाही. विमावाल्यांना मात्र बघायचंय. ते रोज फोन करतायत."

आता सांगा, माझ्यासारखीने काय करायचं? बँकेचं खातं आवाजावर उघडतं, दवाखान्याची वेळ आवाजावर मिळते, म्हणजे प्रत्येकाचा आवाज कुठे ना कुठे साठवलेलाच. असला निकाल कुणाच्या हाती लागला तर वायलीला उद्या कोणी नोकरीला ठेवायचं नाही. आणि ही निघाली होती डोंगरात, जिथे तिचं म्हणून एक माणूस नाही. जीभ लुळी पडायला लागली तर हाक तरी कुणाला मारणार?

मी तिच्यावर पाळत ठेवली. रोज जेवायला बोलवायचे. हातातला कप हलतो का बघायचे. मुद्दाम चकल्या तळल्या, कडक, नीट चावतेय का ते बघायला. ठसका लागला की मी पाणी घेऊन धावायचे.

"ताई, तू माझ्या तोंडाकडे काय बघत असतेस? दातात काही अडकलंय का?"

"लाल लाकडी लाटणं आण जरा," मी म्हणायचे. "काय आणू?" "लाल लाकडी लाटणं. म्हणून दाखव." ती म्हणायची, अगदी स्वच्छ, आणि मग म्हणायची, "तुझ्या घरात लाल लाटणं कधी होतं?"

शेवटी मी सरळ सांगितलं, तू जायचं नाही. कारण विचारलं तर म्हटलं, मला करमणार नाही. ती भडकली. म्हणाली, "आयुष्यभर तू खालची ओळ गाऊन मला धरून ठेवलंयस. मला वाटायचं साथ देतेस. तू लगाम घालत होतीस, ताई."

ते शब्द ऐकून माझा तोल गेला. मी तिला मागच्या खोलीत नेलं, हेडफोन डोक्यावर घातला आणि खुंटी फिरवली. सांगायचं होतं हळुवार, सांगितलं असं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढला तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"हा मी आहे?" तिने विचारलं. घाबरून पुरुषासारखं बोलली आणि तिला कळलंही नाही.

पुण्याला गेलो. वायली सगळा रस्ता जिभेच्या टोकाने दात मोजत होती. मेंदूच्या डॉक्टरांनी सुया टोचून स्नायू तपासले, जीभ बाहेर काढायला लावली, चालायला लावलं. म्हणाले, मोटर न्यूरॉनचा आजार म्हणून एक असतो, त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, बुद्धी शाबूत राहते. तुमच्या बहिणीत त्याची एकही खूण नाही. मी डबीचं सांगितलं तसे ते हसले नाहीत. म्हणाले, "आवाजात आधी कळतं यावर बरंच काम चालू आहे. मला आज दिसत नाही एवढंच मी सांगू शकतो."

त्यावर कोण निश्चिंत होणार? वायलीने कोहिमाला कळवलं, जरा थांबा. घरात गुणगुणणं बंद झालं. भक्तीला उभी राहायची, पुस्तक उघडायची आणि नुसते ओठ हलवायची. मी शेजारी खालची ओळ एकटीच गायचे. वरती काही नसलं की खालच्या ओळीला चालच नसते, नुसता हुंकार वाटतो. बायका वळून बघायच्या.

मग एका दुपारी ती आपण होऊन आली. "ताई, मला सगळं ऐकायचंय. कधीपासून सुरू झालंय ते बघायचंय. तू कापलेलं नको. मूळ दे."

मी लहानपणचा एक नाताळ लावला. पहिलं कडवं, दुसरं. पेटी थांबली. आणि तिसऱ्याच्या आधी लाकडी फळ्यांवर पावलं वाजली. दोन माणसांची, भरभर.

वायलीने हात वर केला. "थांबव. ही पावलं कुणाची?"

"असतील कुणाची तरी. आईची असतील."

"मागे घे."

पुन्हा पावलं. वायलीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपण जागा बदलायचो."

मी म्हटलं, "कधी?"

"तिसऱ्याला! अगं, अजूनही बदलतो. गेल्या नाताळलासुद्धा बदलली. वरची ओळ गाणारीला गर्व होऊ नये म्हणून बाबा एक कडवं उलटं गायला लावायचे. तिसऱ्याला तू वर आणि मी खाली. आणि वरची ओळ डावीकडेच हवी, म्हणून तू इकडून तिकडे जायचीस आणि मी तिकडून इकडे."

चप्पल घालताना आधी कुठला पाय घालतो ते आपल्याला सांगता येतं का? तसं झालं होतं. इतक्या वेळा केलं होतं की आम्ही ते करतो हेच मला ठाऊक नव्हतं. आणि जी खुडबुड म्हणून मी स्वतःच्या हाताने कापून टाकली, ती आमची पावलं होती. एरवी आवाजावरून कळलं असतं म्हणाल, तर आमच्या आईला फोनवर आम्ही दोघी कधी वेगळ्या ओळखू आलो नाहीत.

वायलीचा चेहरा मी पाहिला. तो मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. आधी तिचे खांदे खाली आले. मग डोळे मोठे झाले आणि तोंडावर आनंद आला, खरा, उघडा आनंद, फाशी रद्द झालेल्या माणसाचा. तिने मोठा श्वास घेतला. तो घेता घेताच तिला समजलं, की ती वाचली म्हणजे कोण राहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला तिचा राग आला नाही. खरंच नाही. मीही त्याच खुर्चीत बसून तसाच श्वास सोडला होता. फक्त मला बघायला समोर कुणी नव्हतं.

"लाव ना तो आवाज परत," मी म्हटलं.

"नको, ताई."

"लाव म्हणते ना."

तिने डबीतली आमची नावं अदलाबदल केली आणि तो आवाज लावला. आता मला ऐकू आलं. 'लेकरू'च्या आधी किंचित थांबणं माझं आहे. सुराला खालून जाऊन धरणं माझं आहे. खुंटी पूर्ण फिरवल्यावर ओळीआधी जो श्वास येत होता तो माझा होता. इतके दिवस मी त्या बाईसाठी रडत होते. आता रडू येईना, नुसती भीती. मी जीभ टाळूला लावून बघितली. लागली. पुन्हा लावली. तेव्हापासून दिवसभरात किती वेळा लावते त्याला गणतीच नाही.

पुन्हा पुणं, पुन्हा सुया. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिसत नाही, सहा महिन्यांनी या. घरी आल्यावर सायलसनी मागच्या खोलीत जाऊन डबी उचलली आणि म्हणाले, "ही मी विहिरीत टाकतो." मी म्हटलं, "टाकून काय होणार आहे, जे व्हायचंय ते माझ्या घशात आहे, डबीत थोडंच आहे." तर त्या माणसाने डबी परत टेबलावर ठेवली आणि पदरात तोंड लपवावं तसं माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांना असं पाहिलं नव्हतं.

वायली म्हणाली, "मी जात नाही."

"जायचं."

"तुला असं सोडून?"

"कसं सोडून? मला काय झालंय? धडधाकट आहे. तू इथे राहिलीस तर रोज माझ्या तोंडाकडे बघशील, आणि ते कसं असतं ते मला ठाऊक आहे. मी तुझ्यावर केलंय. चकल्या तळशील मेली मला तपासायला."

त्यावर हसायला हवं होतं. हसली नाही. वाद बरेच दिवस चालला. मी रडले, ओरडले, अबोला धरला, शेवटी बाबांची शपथ घातली. तेव्हा कुठे ती गेली. पावसाळा उलटून गेला होता. जाताना सामानात काय नेलं ते मी बघितलं नाही.

आता दर रविवारी भक्तीनंतर तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते. तिथली पोरं कशी गातात, भात कसा चिकट असतो, थंडी कशी आहे. आणि मग अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणते, "ताई, तिसरं कडवं म्हण ना. वरची ओळ. आठवण येते."

मी म्हणते.

पहिल्याच रविवारी, फोन ठेवून तासभर झाला नसेल, माझ्या फोनवर डबीच्या कंपनीचा निरोप आला. 'मार्था या आवाजात नवीन टेक जोडला.' मी तर डबीला हातसुद्धा लावला नव्हता. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, टेबलावर डबी नव्हती. सायलसना विचारलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

म्हणजे ती तिकडे बसून दर आठवड्याला माझा आवाज यंत्राला देते आणि खुंटी फिरवून माझं पुढचं बघते. मी तिला कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही. गळा बसलाय म्हणून एकदा टाळलं, तर पलीकडे ती इतकी घाबरली की दुसऱ्या दिवशी तीनदा फोन. न गायले तरी तिला भीती, गायले तरी तिला कळणार. तेव्हापासून मी गातेच. रविवारी सकाळी आरशासमोर उभी राहून 'लहान लेकरू' घोकते, परीक्षेला बसल्यासारखी. गाऊन झालं की वायली मास्तरीण होते. दुसऱ्या ओळीला सुराखाली उतरलीस, शेवटचा श्वास चोरलास, 'दिवा' लांबवू नकोस. हिने उभ्या जन्मात मला चांगलं म्हटलेलं नाही. मग तासाभराने निरोप येतो, टेक जोडला. तो आला की मला बरं वाटतं. ती अजून यंत्राला विचारतेय, म्हणजे तिच्या कानाला अजून काही कळलेलं नाही.

आज रविवार. ती म्हणाली, "म्हण ना, ताई."

मी म्हटलं. चांगलं गायले, मला तरी तसंच वाटलं. जीभ जागेवर होती, सूर लागला होता. कडवं संपलं. पलीकडे नुसती खरखर.

"वायले? आहेस का?"

"हो, हो. आहे ना."

"कुठे उतरले?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "फार छान गायलीस, ताई. फार म्हणजे फारच छान." आणि भात लागेल म्हणून तिने घाईने फोन ठेवला.

दुपार झाली, चहा झाला, दिवे लागले. फोन मांडीवर घेऊन बसले आहे. सायलस दोनदा येऊन गेले, कुणाचा फोन यायचाय का म्हणून विचारून गेले. निरोप आलेला नाही. आज वायलीला यंत्राला विचारावं लागलं नाही.